आमची वाटचाल : चातुर्मासातलं गिऱ्हाईक

कल्याणात कॅमेरे भाड्याने देण्याचा धंदा आम्ही लग्नांच्या भरवशावर सुरू केला. लग्नसराईत सामान दुकानात टिकत नसे. आषाढी झाली की सगळं कपाटात. बँकेचा हप्ता मात्र चातुर्मास पाळत नाही.

ती उणीव भरून काढली रेल्वेवेड्या पोरांनी. कल्याणहून एक लाईन कसाऱ्याकडे जाते, दुसरी कर्जतकडे. दोन्हींच्या पुढे घाट, १:३७ चा (३७ मीटरला एक मीटर) चढ आणि गाडीला मागून रेटणारी बँकर इंजिनं. हिरव्या डोंगरातली गाडी टिपायची तर जुलै-ऑगस्टच. आमची मंदी तोच यांचा सीझन!

लग्नवाल्यांना २.८ ची, म्हणजे जास्त उजेड घेणारी पण जड लेन्स लागते. ही मंडळी चालत जाणारी, त्यांना वजन नको. म्हणून लांबचं जवळ आणणाऱ्या, त्यामानाने हलक्या ७०-२०० एफ ४ आणि १००-४०० (मिलिमीटर) लेन्स घेतल्या. घाटात गाडी संथ चढते, शटर १/२५० सेकंदावर भागतं. सपाटीवर ताशी ११० ने येणारी गाडी तेवढ्यात बारा सेंटिमीटर पुढे सरकते. बाजूने घ्यायची तर १/१००० च्या खाली जाऊ नका, हे आम्ही काउंटरवरच सांगतो. एक्स्पोजरही (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) गाडी येण्याआधी मॅन्युअलवर बांधून ठेवायचं, नाहीतर हेडलाइट कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला फसवतो आणि इंजिन काळं पडतं.

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले कॅमेरे आले तेव्हा एक गिऱ्हाईक तणतणत आलं, ‘लेन्स खराब दिलीत, डबे तिरके आलेत!’ पाहिलं तर सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर चालू. सेन्सर फोटो ओळीओळीने वाचतो, तेवढ्यात गाडी सरकते आणि उभ्या खिडक्या कलतात. आता बॉडी देताना मेकॅनिकल शटर आम्हीच लावून देतो.

खरी डोकेदुखी बुरशीची. घाटातून आलेली लेन्स थेट कपाटात जात नाही. हूड आणि फिल्टर काढून पुसायची, रात्रभर पंख्याखाली ठेवायची, मग ड्राय कॅबिनेटमध्ये. आर्द्रता ४० ते ५० टक्के. सकाळी मागून टॉर्च मारून बघायची. काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले की ती लेन्स भाड्यातून बाद. सिलिका जेलच्या पुड्यांवर मुंबईचा पाऊस निभत नाही, कॅबिनेटचा खर्च करावाच लागला.

एका गोष्टीत घासाघीस नाही. रुळांवर उतरणाऱ्याला आम्ही कॅमेरा देत नाही. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७ (रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा गुन्हा) पावतीच्या मागेच छापलंय. ट्रायपॉड मागितला की आधी विचारतो, कुठे लावणार? आणि लोको पायलटच्या डोळ्यांवर फ्लॅश मारणाऱ्याने पुन्हा आमच्या दुकानाची पायरी चढू नये.

२०२२ मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं. डिझेलच्या धुराचे फोटो कमी झाले, फ्रेममध्ये खांब आले. तेव्हापासून रत्नागिरीजवळच्या पानवल पुलाकडे जाणारे लांबून, उंचावरून टिपायला १००-४०० च मागतात. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी ती मिळणं कठीण. मधल्या वारी या, भाडंही कमी लावू.