माळ्यावरच्या आगगाड्यांची नोंदवही

मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात रेल्वेच्या छोट्या नमुन्यांसाठी (मॉडेल गाड्यांसाठी) कायमचे टेबल मांडणे शक्य नाही. रविवारी दुपारी दिवाणावर प्लायवूडच्या दोन फळ्या टाकून रूळ जोडायचे आणि संध्याकाळी सारे पुन्हा खोक्यांत भरून माळ्यावर चढवायचे, असा क्रम गेली १८ वर्षे चालू आहे. त्यामुळे संग्रहातील दोनशेहून अधिक इंजिने, डबे आणि वाघिणी मला एका वेळी कधीच पाहता येत नाहीत. घरात आधीच असलेली कोळशाची वाघीण मी दुसऱ्यांदा विकत आणली, त्या दिवशी नोंदवही करायला बसलो.

नोंद कशी ठेवावी हे मी आईकडून शिकलो. ती महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती आणि शाळेची जडवस्तू संग्रह नोंदवही बरीच वर्षे तिच्याकडे होती. प्रत्येक बाकावर, खुर्चीवर, अगदी नकाशाच्या दांडीवरही पांढऱ्या ऑइलपेंटने क्रमांक घातलेला असे. मोडलेली खुर्ची रीतसर निर्लेखित, म्हणजे वापरातून बाद, होईपर्यंत वहीतून जात नसे आणि ती गेल्यानंतरही तिचा क्रमांक नव्या खुर्चीला मिळत नसे. एक वस्तू, एक क्रमांक, आणि तो कायमचा: माझी सारी वही या नियमावर उभी आहे.

सुरुवातीला मी हा नियम पाळला नाही. क्रमांकातच माहिती भरण्याचा मोह मला झाला होता. डिझेल इंजिनासाठी एक अक्षर, देशासाठी दुसरे, कंपनीसाठी तिसरे, अशी रचना मी मोठ्या हौसेने केली. पुढे अल्को या अमेरिकी कंपनीच्या एका इंजिनाचा नमुना घेऊन मी त्यावर आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचे रंग चढवले. खऱ्या डब्ल्यूडीएम-२ ची रचना मुळात अल्कोचीच. पहिली इंजिने १९६२ मध्ये अमेरिकेतून आली आणि नंतर ती वाराणसीला बनू लागली, त्यामुळे हा बदल मला योग्य वाटला होता. परंतु त्या दिवसापासून त्याचा सांकेतिक क्रमांक चुकीचा ठरला. उत्पादकाच्या कॅटलॉग क्रमांकावर विसंबणेही पुरेसे नसते, कारण तो त्या प्रकारच्या साऱ्या नगांना सारखाच असतो आणि माझ्या हातात आल्यावर त्या नगाचे काय झाले हे तो सांगू शकत नाही. आता वस्तू ज्या क्रमाने घरात येते तोच तिचा क्रमांक, आणि बाकीचे सारे पुढच्या रकान्यांत. पाच डब्यांचा संच आला तर पाच नोंदी होतात आणि संचाची ओळख वेगळ्या रकान्यात जाते.

प्रमाणाचा, म्हणजे नमुना खऱ्या गाडीहून कितीपट लहान आहे याचा, रकाना अनावश्यक वाटण्याचा संभव आहे, पण तो टाळू नये. एचओ प्रमाण १:८७ आणि ब्रिटिश ओओ प्रमाण १:७६ असूनही दोन्हींत रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटरच असते. गाडी रुळावर नीट बसते आणि शेजारच्या डब्याहून मोठी दिसते, तेव्हा चूक कळते. (आपला १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज ८७ ने भागला तर १९ मिलिमीटरहून थोडा अधिक येतो. म्हणजे १६.५ च्या रुळावर धावणारे आपले प्रत्येक एचओ इंजिन खऱ्यापेक्षा अरुंद मार्गावर उभे असते, आणि मला ते अजूनही खटकते.)

सर्वांत मोठी जागा मी इंजिनाच्या आतल्या गोष्टींना दिली आहे, कारण त्या बाहेरून दिसत नाहीत. डीसीसी, म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळी आज्ञा देण्याच्या पद्धतीत, इंजिनातील डिकोडरला (आज्ञा ओळखणाऱ्या छोट्या सर्किटला) क्रमांकाचा पत्ता असतो आणि नवा डिकोडर बहुधा ३ हाच पत्ता घेऊन येतो. एकदा पत्ता न बदललेली दोन इंजिने मी नकळत एकाच रुळावर ठेवली. एकाला दिलेली आज्ञा दोघांनी पाळली आणि फळीच्या कडेला उभे असलेले दुसरे इंजिन खाली फरशीवर पडले. त्याची एक पायरी तुटली, ती तशीच आहे. आता पत्ता, डिकोडरच्या प्लगचा प्रकार, वेगासाठी ठरवलेले आकडे आणि शेवटचे तेल कधी घातले ती तारीख, हे सारे मी लिहितो. डिकोडर मूळ स्थितीत न्यावा लागला, तर ठरवलेले आकडे पुसले जातात; वहीत असले की दहा मिनिटांत परत भरता येतात.

किंमत, खरेदीची तारीख आणि सीमाशुल्क यांच्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पावती मिळाल्या दिवशीच लिहावे. क्रमांकाची चिठ्ठी मात्र पेन्सिलीने लिहावी. पावसाळ्यात शाई फुटते, आणि चिकटपट्टीचा डिंक रंगाला धरतो, म्हणून ती गाडीवर कधीही लावू नये. खोक्यातला जुना स्पंजही दमट हवेत चिकट होऊन रंग ओढून घेतो. तो बदलल्याची तारीख मी नोंदवतो.

मुंबईच्या हवेमुळे मी आणखी एक रकाना वाढवला आहे. जुन्या नमुन्यांच्या सांगाड्यांत वापरलेल्या जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी राहिली असेल, तर तो धातू आतून कुजतो, फुगतो आणि अखेरीस तडकतो. दोष ओतकामाच्या वेळचाच असतो, ओलावा त्याला वेग देतो, आणि त्यावर उपाय नाही. तो शेजारच्या गाडीला लागत नाही, एवढा दिलासा आहे. म्हणून जुन्या प्रत्येक इंजिनाच्या सांगाड्याची लांबी मी व्हर्नियर कॅलिपरने वर्षातून दोनदा मोजतो, पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीनंतर, आणि त्याच कोनातून छायाचित्र घेतो.

क्रमांक ३७ हे बाबांनी मला दिलेले वाफेचे इंजिन आहे. दोन वर्षांत त्याचा सांगाडा ०.३ मिलिमीटरने वाढला आहे. वरचे कवच ताणून फुटू नये म्हणून गेल्या महिन्यात मी ते सांगाड्यापासून सोडवले आणि दोन्ही भाग एकाच खोक्यात वेगवेगळ्या कापडांत गुंडाळून ठेवले. वहीत 'निर्लेखित' लिहिलेले नाही. शेऱ्याच्या रकान्यात कवच काढल्याची तारीख आहे, आणि त्याखाली दिवाळीनंतरच्या मोजमापासाठी एक ओळ मोकळी सोडली आहे.