राज्यपक्षी आपला, सापडला दिल्लीत

आधी एक कबुली देऊन टाकते. गेली सहा वर्षं मी गळ्यात दुर्बीण अडकवून फिरतेय, सोसायटीतली पोरं मला पक्षीवाल्या काकू म्हणतात, आणि महाराष्ट्राचा राज्यपक्षी मी एकदाही बघितलेला नव्हता. शेकरू बघितलं, भीमाशंकरला, चांगलं दहा मिनिटं. ताम्हण आमच्या रस्त्यालाच आहे. राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन तर एकदा कुंडीतल्या लिंबावर येऊन बसून गेलं, आंब्याबद्दल बोलायलाच नको. राहिला होता तो एकटा हरियाल, म्हणजे आपलं ते हिरवं कबूतर. आमच्या पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर कुणीतरी दर आठवड्याला त्याचा फोटो टाकायचं, मी खाली अंगठा द्यायचे आणि मनातल्या मनात जळायचे.

तर मार्चमध्ये सासरच्या एका लग्नासाठी दिल्लीला जाणं झालं. लग्न, लाल किल्ला, कुतुबमिनार, एक दिवस पोट बिघडून पडून राहणं, यात चार दिवस गेले, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळची गाडी होती आणि सकाळ मोकळी. मी भाऊजींना म्हटलं, मला जरा लोदी गार्डनला सोडा, पहाटे. भाऊजी म्हणाले, वहिनी, पहाटे म्हणजे किती वाजता, आणि मी साडेपाच म्हटल्यावर त्यांनी सरळ बायकोकडे बोट दाखवलं, ही रोज जाते तिकडे चालायला.

माझी धाकटी जाऊ. नऊ वर्षं दिल्लीत आहे. "अहो ताई, येते मी, पण आधीच सांगते हां, कावळे, कबुतरं आणि पोपट सोडून तिथे काही नाहीये."

आम्ही आत शिरलो तेव्हा नुकतं उजाडायला लागलं होतं. दिल्लीचा मार्च म्हणजे सकाळी शाल हवी आणि दुपारी पंखा. काटेसावर अशी काही फुलली होती की झाडावर एक पान नाही, नुसती लाल फुलं, आणि खाली रस्त्यावर पडलेल्या त्या मांसल फुलांवरून पाय घसरतोय. वर साळुंक्या, बुलबुल, कावळे सगळे एकाच पंगतीला, फुलात डोकं खुपसून बाहेर काढलं की तोंड पिवळं. मी तिथेच पहिली वीस मिनिटं घालवली, जाऊबाई तेवढ्यात दोन राऊंड मारून आल्या.

बाग सुंदर आहे यात वादच नाही. नव्वद एकर, फुकट प्रवेश, मध्ये पाच-सहाशे वर्षांपूर्वीची थडगी आणि मशिदी. 1936 साली इंग्रजांनी इथलं खैरपूर गाव उठवून ही बाग केली, तेव्हा नाव लेडी विलिंग्डन पार्क होतं, हे मला जावेनेच सांगितलं. पण गर्दी! मला वाटलं होतं पहाटे शांत असेल. इथे दिल्लीतले सगळे रिटायर्ड साहेब एकाच वेळी हात जोरजोरात हलवत चालतात, आणि चालताना फोनवर बोलतात, तेही स्पीकरवर. सुलतान सिकंदर लोदीच्या कबरीच्या अलीकडे एक हास्यक्लब उभा होता, वीस माणसं आकाशाकडे हात करून हा हा हा. बिचारा 1517 मध्ये गेला तो सुटला. मी मर्लिन अ‍ॅप सुरू करून फोन वर धरला, ते कॉर्नेल विद्यापीठाचं, आवाजावरून पक्षी ओळखणारं, तर हास्यक्लबपुढे त्यालाही काही सुचेना.

तिथल्याच शीश गुंबद नावाच्या थडग्याच्या भिंतीत भोकं आहेत, रांगेने. निळ्या फरश्यांचे उरलेसुरले तुकडे बघायला लोक मान वर करतात आणि परत खाली करतात, पण जरा थांबलं की प्रत्येक दोन-तीन भोकांआड एक हिरवी शेपटी बाहेर लोंबताना दिसते. पोपटांचे संसार. मार्च म्हणजे त्यांचा विणीचा हंगाम, त्यामुळे जागेवरून मरणाची भांडणं. मी दुर्बीण जावेच्या हातात दिली, म्हटलं बघ तुझे रोजचे पोपट. "हे तर मी रोज..." एवढं म्हणून ती जी गप्प झाली ती झालीच. मग हळूच म्हणाली, "याच्या गळ्यात गुलाबी पट्टा आहे." हो, नर आहे तो. "आणि तिच्या नाहीये." हो. "नऊ वर्षं, ताई." दुर्बीण त्यानंतर मला अर्धा तास परत मिळाली नाही.

म्हणजे पुढचं सगळं मी नुसत्या डोळ्यांनी बघितलं असं समजा. ते म्हणजे धनेश. राखी धनेश दिल्लीच्या बागांत आहे हे माहीत होतं, पण इतक्या सहज? आधी घार ओरडल्यासारखा आवाज आला, मी वर आकाशात घार शोधतेय, आणि जाऊ म्हणते, "तो बघा केवढा नाकाचा!" एका जुन्या झाडाच्या ढोलीपाशी बसला होता. राखाडी अंग, लांब शेपटी, बाकदार चोच आणि तिच्यावर ते छोटं शिंग. ढोलीचं तोंड लिंपलेलं होतं, बोटभर फट सोडून. मादी आत. ती स्वतःच स्वतःला आत कोंडून घेते, स्वतःच्या विष्ठेने वगैरे तोंड लिंपते, आत अंडी घालते, पिसं झाडते, आणि तोवर तिला आणि नंतर पिल्लांना खायला घालायची सगळी जबाबदारी नवऱ्याची. हा नर घशातून एक एक फळ वर काढत होता, चोचीच्या टोकावर आणायचा आणि फटीत द्यायचा. एक. मग दुसरं. मग तिसरं. मी मोजली, अकरा. जाऊ म्हणाली, "यांना दाखवायला पाहिजे हे," म्हणजे भाऊजींना.

आम्ही लांब उभ्या होतो, मुद्दाम. कारण ढोलीपासून फार जवळ कुणी उभं राहिलं तर नर खाणं घेऊन येतो आणि आत न देता नुसता आसपास घिरट्या घालत बसतो, तेवढा वेळ आतली उपाशी. हे मी नव्याने पक्षी बघायला लागले तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी एकदा फोटोसाठी एका खंड्याच्या बिळासमोर पाऊण तास बसले होते. आता आठवलं की कानकोंडं होतं.

आणि म्हणूनच पुढचा प्रकार बघून माझं डोकं फिरलं. अठपुल्याच्या बाजूला, तो अकबराच्या काळातला जुना पूल आहे ना, तिथे तीन माणसं. मिलिटरी रंगाचे कपडे, तोफेएवढ्या लेन्स, त्या लेन्सना पण मिलिटरी रंगाचे कपडे. समोर झाडाच्या ढोलीत पिंगळ्याचं, म्हणजे छोट्या घुबडाचं घर. आणि त्यातल्या एकाने खिशातला छोटा स्पीकर काढून त्यावर पिंगळ्याचा आवाज लावला. चिर्र चिर्र चिर्र. आतल्याला वाटलं दुसरा पिंगळा आपल्या हद्दीत घुसला, बिचारा बाहेर आला, डोळे वटारून इकडे बघतोय तिकडे बघतोय, मान वर खाली करतोय, दिसत तर कुणीच नाही. खटखटखटखट, शटर. झालं, आत गेला. परत लावला आवाज. परत आला बाहेर. विणीच्या दिवसांत! बायको अंड्यावर बसलेली असणार आणि याला दर दोन मिनिटांनी खोट्या शत्रूशी लढायला बोलावतायत. मी चौथ्या वेळेला पुढे जाऊन म्हटलं, भाईसाब, बंद कीजिए, नेस्टिंग है. तर तो अतिशय शांतपणे म्हणाला, "मॅडम, बस दो मिनट, लाइट अच्छी है." लाइट अच्छी है! माझं हिंदी भांडणाला पुरत नाही. मराठीत असतं तर त्याची लाइट घालवली असती. जावेने मला दंडाला धरून बाजूला नेलं.

चिडून तरातरा चालत आम्ही रोपवाटिकेच्या बाजूला, मुख्य रस्त्यापासून आत, एका वडाखाली येऊन उभ्या राहिलो. उभ्या राहिलो म्हणजे मी चपलेतला खडा काढत होते. एक बारीक काहीतरी टप्पकन माझ्या पाठीवर पडलं. मग जावेच्या खांद्यावर. वडाची फळं, अर्धी खाल्लेली. मी वर बघितलं. पानं. दाट हिरवी पानं आणि मधूनमधून फळं, बाकी काही नाही. खार असेल म्हटलं. तर दहा पावलांवर एक माळीकाका वाफ्यात पाइप धरून उभे होते, साठीचे असतील, माझ्या गळ्यातली रिकामी दुर्बिणीची पिशवी बघून म्हणाले, "क्या देखने आए हो जी?"

मी उगाच म्हटलं, बघू तरी, "हरियल."

नाव दोन्हीकडे तेच, हे किती बरं आहे. काका हसले सुद्धा नाहीत. पाइप तसाच हातात धरून हनुवटीने वर दाखवलं. "बैठे तो हैं. आपके सिर पे."

मी परत वर बघितलं. पानं. जावेकडून दुर्बीण जवळजवळ हिसकावून घेतली. पानं, मोठी दिसणारी पानं. डावीकडून उजवीकडे फांदी फांदी बघत गेले, काही नाही. "दिखे?" नाही. "अरे, वो क्या है, इतने सारे," असं म्हणून काका परत वाफ्याकडे वळले, त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. मी हट्टाने एकाच फांदीवर दुर्बीण रोखून ठेवली, कोपर दुसऱ्या हाताने धरून, मान मोडायला आली. एक मिनिट, दोन मिनिटं. आणि मग एक पान उलटं लोंबलं. म्हणजे पान नाहीच ते, एक फळ तोडायला तो पोपटासारखा फांदीवरून उलटा लटकला, आणि त्याचे पाय दिसले. पिवळे! हळदीसारखे पिवळे, बाकी सगळा हिरवा-राखाडी, खांद्यावर एक पुसट जांभळा डाग, जसा काही कपड्यावर जांभळाचा उरलेला असतो तसा. तो सरळ झाला आणि परत पान झाला.

पण एकदा पाय कळल्यावर मग बाकीचे उलगडायला लागले. त्याच्या शेजारी एक. त्याच्या वर दोन. पलीकडे तर अख्खी फांदी, रांगेने बसलेले, पोटाची पिसं फुलवून. नऊ, दहा, चौदा, सतरा, मग मोजणी चुकली. आम्ही जवळजवळ पाच मिनिटं वीस-पंचवीस पक्ष्यांच्या खाली उभ्या होतो आणि मी चपलेतला खडा काढत होते. सहा वर्षं शोधतेय. मला वाटतं घराजवळही असेच कुठल्यातरी वडा-उंबरावर बसलेले असणार आणि मी खालून जात असणार, घड्याळ बघत.

"ताई, रडताय?" नाही गं, मान दुखतेय.

लोक म्हणतात हरियाल जमिनीला पाय लावत नाही, उतरलाच तर पायात काटकी धरून उतरतो. तसं काही नसतं, पाणी प्यायला येतो की खाली. पण त्यांना असं वर बघून त्या गोष्टीवर विश्वास ठेवावासा वाटला खरा. मधून एकजण शीळ घालायचा, माणसाने घालावी तशी, वरखाली जाणारी, गोड. जावेला दुर्बीण दिली, ती म्हणाली पानंच आहेत, मग म्हणाली पानंच, मग एकदम माझा हात घट्ट धरला.

तेवढ्यात वरून एक शिक्रा गेला, पक्ष्यांची शिकार करणारा. सावलीच गेली फक्त. आणि झाड बंद झालं. शीळ बंद, फळं पडणं बंद, एक पीस हलेना. मी दुर्बिणीतून ज्याच्याकडे बघत होते तो माझ्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला, मी नजर हलवली नव्हती, शपथ. तिथे परत पानं होती. मला माहीत होतं तो तिथेच आहे, तरी दिसेना. किती वेळ गेला कोण जाणे, माळीकाकांच्या पाइपातलं पाणी तेवढं वाजत होतं. मग कुठेतरी एक फळ पडलं, टप्प. मग दुसरं.

आणि नेमके तेव्हा ते तिघे आले. लेन्स खांद्यावर, स्पीकर खिशात. मघाचाच लाइटवाला, माझ्याकडे बघून ओळखीचं हसला, भांडण वगैरे काही त्याच्या लक्षातच नव्हतं. "मॅडम, इधर कुछ मिला?"

आता मी अशी बाई आहे की साधा दयाळ दिसला तरी लिफ्टमध्ये भेटणाऱ्याला सांगते. पक्षी बघणाऱ्याने पक्षी बघणाऱ्यापासून लपवू नये असं मीच ग्रुपवर दोनदा लिहिलंय, एकदा तर जरा लांबलचकच.

"नहीं," मी म्हटलं. "कुछ नहीं. बस कौवे."

जाऊ माझ्याकडे बघायला लागली. माळीकाकांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्या स्पीकरवाल्या खिशाकडे, आणि पाइप पुढच्या वाफ्यात वळवला. लाइटवाल्याच्या टोपीवर वरून अर्धवट खाल्लेलं एक फळ पडलं. त्याने ते बोटाने झटकलं, मान वर न करता, आणि तिघे अठपुल्याकडे निघून गेले.