मुता ते अकाबा : इस्लामच्या पहिल्या दीडशे वर्षांतून

जॉर्डनला जाणारा मराठी माणूस पेट्रा बघतो, मृत समुद्रात तरंगतो, वादी रममध्ये तंबूत एक रात्र काढतो आणि परततो. आम्हीही ते सगळं केलं. त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी ते सोडून देते. मला लिहायचंय ते त्याच देशातल्या दुसऱ्या एका वाटेबद्दल.

शाळेच्या पुस्तकात इस्लामचा उदय दोन परिच्छेदांत उरकलेला असायचा. मक्का, मदिना, ६२२ सालची हिजरत म्हणजे पैगंबरांचं मक्केहून मदिनेला जाणं, आणि मग एक नकाशा : अरबस्तानातून निघून इकडे स्पेनपर्यंत, तिकडे सिंधपर्यंत भराभर पसरत गेलेला हिरवा रंग. माझी मोठी बहीण इतिहासाची शिक्षिका होती. तो नकाशा तिने कित्येक वर्षं फळ्यावर काढला. त्या हिरव्या रंगाखाली जी माणसं राहत होती, त्यांचं रोजचं जगणं कसं बदललं, किती बदललं, हे तिला नेहमी बघायचं होतं. मक्केत मुस्लिमेतरांना प्रवेश नाही. पण अरबस्तानातून बाहेर पडताना इस्लामने जो पहिला उंबरठा ओलांडला, तो आजच्या जॉर्डनमध्ये येतो आणि तिथे कुणालाही जाता येतं.

ताईचा हट्ट असा, की ठिकाणं काळाच्या क्रमाने बघायची. म्हणजे आधी दक्षिणेला, मग पार उत्तरेला, मग पूर्वेच्या वाळवंटात, मग पुन्हा खाली. ड्रायव्हरने नकाशावर बोट फिरवलं, आमच्याकडे बघितलं आणि मान हलवली. पण देश लहान आहे, रस्ते उत्तम आहेत, आणि पहिल्या मुक्कामाचं नाव ऐकल्यावर तोच म्हणाला, सकाळी लवकर निघू.

ते ठिकाण म्हणजे मुता. करकच्या किल्ल्याच्या दक्षिणेला, उंच पठारावरचं साधं गाव. आता तिथे विद्यापीठ आहे, रस्त्यावर विद्यार्थ्यांची गर्दी असते. इ. स. ६२९ मध्ये, पैगंबर हयात असताना, मुस्लिम सैन्याची बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, साम्राज्याच्या सैन्याशी पहिली गाठ इथे पडली. पैगंबरांचा दूत पत्र घेऊन उत्तरेकडे निघाला होता. साम्राज्याच्या बाजूच्या एका घस्सानी अरब सरदाराने त्याला वाटेत मारलं. दूताला मारणं हा तेव्हाही मोठा अपराध होता. मदिनेहून तीन हजारांची फौज निघाली. पैगंबरांनी नेतृत्वाचा क्रमच सांगून ठेवला होता : झैद इब्न हारिसा, तो पडला तर जाफर इब्न अबी तालिब, तो पडला तर अब्दुल्ला इब्न रवाहा.

तिघेही पडले. समोरचं सैन्य लाखाच्या घरात होतं असं जुने ग्रंथ सांगतात. आजचे इतिहासकार तो आकडा मानत नाहीत, पण ते संख्येने भारी होतं हे नक्की. शेवटी खालिद इब्न अल-वलीदने सूत्रं हाती घेतली आणि उरलेल्यांना सुखरूप माघारी नेलं. मदिनेत काही लोकांनी परतलेल्यांवर माती फेकली, पळपुटे म्हणून. पैगंबरांनीच त्यांना आवरलं. ज्या प्रसाराला आपण एकाच दमात घेतलेली झेप समजतो, त्याची बाहेरची पहिली मोहीम अशी रिकाम्या हाताने परतली होती.

तिघांच्या कबरी जवळच्या अल-मझार गावात आहेत. जाफरची कबर मोठ्या मशिदीत, झैदची शेजारीच, अब्दुल्लाची जरा अंतरावर. आम्ही डोक्यावरून ओढण्या घेऊन आत गेलो. जाळीपाशी काही बायका मुलांना घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सरकून आम्हाला जागा दिली.

या तिघांबद्दल मला फार सांगावंसं वाटतं, कारण सुरुवातीचा इस्लाम कसल्या माणसांनी उभा केला ते त्यांच्यात दिसतं. झैद हा गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा. पैगंबरांनी त्याला मुक्त केलं, मुलगा मानलं. सगळ्या साथीदारांमध्ये कुराणात नावाने उल्लेख असलेला तो एकटाच. अब्दुल्ला मदिनेचा कवी. आणि जाफर हा पैगंबरांचा चुलतभाऊ, पुढे खलिफा झालेल्या अलींचा थोरला भाऊ. मक्केत छळ असह्य झाला तेव्हा सुमारे ६१५ साली मुसलमानांचा एक गट समुद्र ओलांडून अॅबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाकडे, गेला, त्यांच्या वतीने बोलणारा हाच. मक्केच्या कुरेश टोळीने त्यांना परत मागायला अम्र इब्न अल-आसला पाठवलं. ख्रिस्ती राजाने विचारलं, तुमचा धर्म काय सांगतो? जाफरने कुराणातला मरियमचा अध्याय म्हणून दाखवला. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने निर्वासितांना परत द्यायला नकार दिला, अशी परंपरा आहे. त्या दिवशी हरलेला अम्र पुढे स्वतः मुसलमान झाला आणि त्यानेच इजिप्त जिंकला.

जाफर अॅबिसिनियाहून ६२८ मध्ये परतला आणि वर्षभरात मुताला गेला. झेंडा धरलेला उजवा हात तुटला, मग डावा. म्हणून त्याला ‘तय्यार’, म्हणजे उडणारा, म्हणतात. हातांच्या जागी त्याला स्वर्गात पंख मिळाले, ही श्रद्धा. बातमी आली तेव्हा पैगंबर त्याच्या घरी गेले, मुलांना जवळ घेतलं आणि इतरांना म्हणाले, जाफरच्या घरच्यांसाठी जेवण करा, त्यांच्यावर असा प्रसंग आलाय की त्यांना ते सुचणार नाही. मुस्लिम समाजात मयताच्या घरी शेजाऱ्यांनी जेवण पोचवायचं, याचा आधार हा प्रसंग. ताई तिथे बसल्या बसल्या म्हणाली, “अगं, आई गेली तेव्हा समोरच्या शेखकाकूंनी आपल्याकडे पिठलं-भाकरी आणली होती, आठवतं?” आपल्याकडेही सुतकाच्या घरी चूल पेटत नाही आणि शेजारची भाकरी येते. मला त्या जागी हे आठवून रडू आलं, आणि शेजारच्या बाईने काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

मग पार उत्तरेचं टोक. उम्म कैस, म्हणजे प्राचीन गदारा. काळ्या बसाल्टचं रोमन नाट्यगृह, पांढऱ्या चुनखडीचे खांब, आणि कड्यावरून समोर एकाच नजरेत गालीलचं सरोवर, गोलानचं पठार आणि खाली यार्मुक नदीची खोल दरी. हे सगळं बघायला लोक येतात, चहा पितात, फोटो काढतात. आम्हाला बघायची होती ती दरी.

ऑगस्ट ६३६. पैगंबर जाऊन चार वर्षं झाली होती. सम्राट हेराक्लियसने मोठं सैन्य दक्षिणेला पाठवलं. यार्मुक आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांच्या घळींमध्ये अनेक दिवस लढाई चालली आणि बायझंटाइन सैन्य त्या घळींच्या कड्यांवर रेटलं जाऊन संपलं. खालिदचं रणकौशल्य होतंच. पण आधीची पाव शतकाची झीजही विसरता येत नाही. ६०२ ते ६२८ बायझंटाइन आणि इराणी साम्राज्यं एकमेकांना फोडत होती. जेरुसलेम ६१४ मध्ये इराण्यांनी घेतलं, पुढे ते परत मिळालं, पण खजिना आटला होता. त्यात ख्रिस्ताच्या स्वरूपाबद्दलचे वाद. सीरियातल्या कितीतरी ख्रिस्त्यांना राजधानीतला अधिकृत पंथ मान्य नव्हता आणि त्यापायी त्यांनी छळ सोसला होता. साम्राज्यासाठी जीव टाकावा असं त्यांना का वाटावं?

हिजरी सन १५, म्हणजे याच सुमाराला, ओमानहून अरबांचं एक आरमार आपल्या मुंबईजवळच्या ठाण्यावर आलं होतं, असं नवव्या शतकातला इतिहासकार बलाझुरी सांगतो. खलिफा उमर यांना ते अजिबात आवडलं नाही. माणसं बुडाली असती तर तुझ्याच टोळीतून तेवढी वसूल केली असती, असं त्यांनी ते आरमार पाठवणाऱ्या सुभेदाराला खडसावलं. ताई ठाण्याची. तिने हे मला त्या कड्यावर उभं राहून सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उजळला होता.

पण उम्म कैसमधली माझ्या मनात राहिलेली गोष्ट लढाईची नाही. त्याच दरीत खाली, नदीपलीकडे, गदाराची गरम पाण्याची स्नानगृहं आहेत. आता ती सीमेच्या दुसऱ्या बाजूला, इस्रायलच्या ताब्यात आहेत, म्हणून वरून दिशा तेवढी बघता आली. तिथे ६६२ सालचा एक शिलालेख सापडला. मुआवियाच्या काळात, रोग्यांना बरं वाटावं म्हणून स्नानगृहाची दुरुस्ती केली, असं त्यात लिहिलंय. मुआविया हा पहिला उमय्या खलिफा. लेख ग्रीकमध्ये आहे. खलिफाची अरबी पदवी ‘अमीर अल-मुमिनीन’, म्हणजे श्रद्धावंतांचा प्रमुख, ग्रीक अक्षरांत लिहिली आहे. कामावर देखरेख करणारा गदाराचा योहान्नेस. तारीख तीन तऱ्हांनी दिली आहे, त्यात एक ‘अरबांचं ४२वं वर्ष’, म्हणजे हिजरी सन. आणि लेखाच्या सुरुवातीला क्रूस कोरलेला आहे.

यार्मुकच्या लढाईला तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती. राज्य मुसलमानांचं, कारभाराची भाषा ग्रीक, कारभारी ख्रिस्ती, आणि स्नानगृह सगळ्यांचं. फळ्यावरच्या हिरव्या रंगाखाली काय होतं, या ताईच्या प्रश्नाला इतकं नेमकं उत्तर मला दुसरीकडे कुठे मिळालं नाही. अरबी ही कारभाराची भाषा झाली ती उमय्या खलिफा अब्दुल मलिकच्या काळात, सातव्या शतकाच्या अखेरीस. त्यानेच चित्र नसलेली, फक्त अक्षरांची नाणी पाडली. त्याआधी अरब राज्यातही सम्राटांच्या चित्रांच्या धर्तीवरची नाणी चालत होती. आणि या प्रदेशातले बहुसंख्य लोक मुसलमान व्हायला तर पुढची कित्येक शतकं लागली. मुस्लिमेतरांवर जिझिया कर होता, तो अनेकांना जड जात असणार, दुय्यमपणाही होता. ते झाकायचं कारण नाही. पण घरोघरी धर्म तलवारीच्या वेगाने पोचला नाही, हे इथल्या दगडांवर लिहिलेलं आहे.

परतताना जॉर्डन खोऱ्यातून आलो. समुद्रसपाटीच्या खाली असलेलं हे खोरं दमट आणि हिरवंगार, दोन्हीकडे भाज्यांची शेतं. तिथे अबू उबैदाची कबर आहे. यार्मुकच्या सुमाराला सीरियातल्या सगळ्या सैन्याचा प्रमुख तो. मेला मात्र रणात नाही, अमवासच्या प्लेगमध्ये, ६३९ साली. साथ असलेल्या गावात जाऊ नये आणि तिथे असलात तर बाहेर पडू नये, ही पैगंबरांची शिकवण. उमर वाटेतूनच मदिनेला परत फिरले. अल्लाच्या विधिलिखितापासून पळता का, असं अबू उबैदाने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, हो, अल्लाच्या एका विधिलिखिताकडून दुसऱ्याकडे. उमरनी पुढे बोलावूनही अबू उबैदा आपल्या सैनिकांना सोडून निघाला नाही. याच साथीत सीरियाचा पुढचा सुभेदार यझीद गेला आणि जागा आली त्याच्या भावाकडे, मुआवियाकडे. पुढे नव्वद वर्षं राज्य करणारं उमय्या घराणं सत्तेच्या पायरीवर चढलं ते असं, एका साथीमुळे.

पूर्वेच्या वाळवंटातलं कुसैर अम्रा मी थोडक्यात सांगते, कारण त्याचे फोटो सगळीकडे आहेत. वलीद इब्न यझीदने, खलिफा होण्याआधी राजपुत्र असताना, आठव्या शतकात बांधलेला छोटा महाल आणि हमाम. भिंतींवर शिकारी, नर्तकी, स्नान करणाऱ्या बायका, छतावर राशिचक्र. एका भिंतीवर सहा राजे, त्यातले ओळखू येणारे चार : रोमचा कैसर, इराणचा खुस्रो, अॅबिसिनियाचा नेगस (तिथल्या राजाची पदवी), स्पेनचा रॉडरिक. नावं ग्रीक आणि अरबी दोन्हीत. नेगस दिसला आणि आम्हाला दोघींना एकदमच जाफर आठवला.

उम्म अल-रसासला मात्र वेळ काढून जाच. मदाबाच्या आग्नेयेला, पर्यटकांच्या बसगाड्या फारशा येत नाहीत. रोमन छावणीभोवती वाढलेलं हे ख्रिस्ती गाव, भिंती ढासळलेल्या, चर्चच चर्च. संत स्टीफनच्या चर्चमध्ये जमिनीवर पसरलेलं मोझेक आहे. त्यात जेरुसलेम, नाबलुस, मदाबा, अम्मान अशा शहरांची चित्रं, कमानी आणि छपरांसकट. वेदीजवळच्या भागावर तारीख आहे ती ७५६ ची. म्हणजे उमय्या जाऊन अब्बासी आले होते, बगदाद वसायला सहा वर्षं होती, आणि इथे वाळवंटाच्या कडेला गावकरी वर्गणी काढून चर्चची नवी फरशी घालत होते. ताई कठड्याला टेकून कितीतरी वेळ नुसती बघत राहिली.

माणसांचे आणि प्राण्यांचे आकार त्या मोझेकमध्ये नंतर पुसले आहेत. फोडून नाही, तर खडे उचलून, आकार दिसणार नाही असे पुन्हा नीट बसवून. चर्च वापरणाऱ्यांनीच ते केलं असावं असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं, आणि ती काळजी बघून मलाही पटलं. मूर्ती आणि चित्रांबद्दलचा वाद तेव्हा मुसलमान आणि ख्रिस्ती दोघांच्यात पेटला होता.

शेवट अकाबात. कॉर्निशला, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्याला, लागून, हॉटेलांच्या मधोमध, अयला या जुन्या बंदराचे अवशेष आहेत. तटबंदी, दरवाजे, मशीद. ६३० मध्ये इथला ख्रिस्ती प्रमुख युहन्ना अरबस्तानातल्या तबूकला जाऊन पैगंबरांना भेटला. दर प्रौढ पुरुषामागे वर्षाला एक दिनार, आणि बदल्यात जमिनीवर आणि समुद्रावर त्यांच्या काफिल्यांना आणि जहाजांना संरक्षण. नवं तटबंदीचं गाव नंतर सातव्या शतकात उभं राहिलं. उत्खननात इथे चिनी भांड्यांचे तुकडे मिळाले आहेत. एवढ्या लांबचा माल हिंदी महासागरातून, बंदराबंदरांना शिवत येत होता.

तशाच बंदरांतलं एक आपलं चौल. अरब प्रवासी मसूदी ९१६ च्या सुमारास तिथे आला. तेव्हा तिथे सुमारे दहा हजार मुसलमान होते, असं तो लिहितो. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, आणि इथेच जन्मलेली त्यांची मुलं. राज्य शिलाहारांचं, राष्ट्रकूटांचे मांडलिक, आणि मुसलमानांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला. इथे कुठलं सैन्य आलं नव्हतं. व्यापारी आले, राहिले, लग्नं केली.

अयलाच्या तटापाशी उभं राहून ताईने अलिबागच्या मामेभावाला फोन लावला, रेवदंड्याला दोन दिवस राहायची सोय होईल का म्हणून. पावसाळा संपला की आम्ही चौलला जाणार आहोत.