आईचे ‘वय वंदना’ कार्ड : माझा अनुभव

२०२५ च्या एप्रिलमध्ये आईच्या मेडिक्लेमच्या रिन्यूअलचा मेसेज आला. आई तेव्हा ७२ वर्षांची. बीपी आहे, शुगर आहे. हप्ता माझ्या दीड महिन्याच्या पगाराएवढा, आणि वर १८ टक्के जीएसटी. हा जीएसटी त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून रद्द झाला, पण तोवर आमचे पैसे भरून झाले होते. पुढच्या वर्षी जमेल की नाही, या काळजीने माझी झोप उडाली.

आयुष्मान कार्ड गरिबांचे असते, आपल्याला कोण देणार, असे मी धरून चालले होते. ऑफिसातल्या एका ताईंनी सांगितले, की २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० च्या पुढच्या सगळ्यांना ते ‘वय वंदना कार्ड’ या नावाने मिळते. उत्पन्नाची अट नाही, रेशन कार्डाचा रंग बघत नाहीत. आधारवर वय ७० भरले की झाले. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे मोफत उपचार, आणि जुन्या आजारांनाही पहिल्या दिवसापासून संरक्षण. आईबाबा दोघेही असतील तर ५ लाख दोघांत मिळून. खाजगी मेडिक्लेम असला तरी कार्ड काढता येते. फक्त सीजीएचएससारखी (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) सरकारी योजना असेल तर दोन्हींपैकी एक निवडावी लागते. आमच्या शेजारचे काका इथल्या, नागपूरच्या अंबाझरी ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झाले. त्यांनी सीजीएचएसच ठेवले, कारण तिथे दर महिन्याच्या गोळ्याही मिळतात. मला ते पटले. का, ते पुढे येईलच.

एका रविवारी मोबाइलवर आयुष्मान अ‍ॅप घेऊन बसले. लॉगिन झाले, ७० वर्षांवरील नोंदणीत आईचा आधार नंबर टाकला, आणि ओटीपी गेला बाबांच्या मोबाइलवर. बाबांना जाऊन तीन वर्षे झाली, तो नंबर आम्ही केव्हाच बंद केला होता. आईच्या आधारला तोच जोडलेला आहे, हे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मानेवाड्याच्या सेतू केंद्रात गेलो. तिथल्या मुलाने बोटांचे यंत्र पुढे केले. अंगठा उमटेना. तर्जनी, मधले बोट, मग डावा हात. त्याने रुमालाने काच पुसली, आईला बोटे ओली करून कोरडी करायला लावली. दर वेळी लाल फुली. आईने आयुष्यभर पापड लाटले, शेवया केल्या, त्यावर आम्हाला शिकवले. ती स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाली, "आता रेघा कुठून राहतीन बापा?" मला भरून आले.

मग त्या मुलाने चेहऱ्याने करून पाहू म्हटले. आईला दारापाशी उजेडात उभे केले, चष्मा काढायला लावला. "आजी, इकडं पाहा, आता डोळ्यांची उघडझाप करा." आई डोळे गच्च मिटून उभी राहिली. तिसऱ्या वेळी हिरवी खूण आली. नंतर पत्ता, घरच्यांची माहिती, एक फोटो. अर्ध्या तासात कार्ड डाऊनलोड झाले. ज्यांच्या आईवडिलांची बोटे उमटत नाहीत, त्यांनी परत फिरू नये. चेहऱ्याने किंवा डोळ्याने करून द्या म्हणून सांगावे.

नोव्हेंबरात आईला जिना चढताना छातीत दुखू लागले. योजनेच्या यादीत एका खाजगी हॉस्पिटलचे नाव होते, म्हणून तिथे नेले. दोन तास बाकावर बसवल्यावर सांगितले, की कार्ड चालते, पण हाडांच्या ऑपरेशनला. हृदयासाठी नाही. हॉस्पिटल विभागवार जोडलेले असते, हे आधी सांगायला काय हरकत होती? छातीत दुखणारी बाई समोर बसली होती. याचा राग अजून गेलेला नाही. तुम्ही निघण्याआधी १४५५५ वर फोन करून, कोणत्या आजारासाठी कोणते हॉस्पिटल, ते नेमके विचारा.

अँजिओग्राफी आम्ही पैसे भरूनच केली. तिची सीडी घेऊन तुकडोजी पुतळ्याजवळच्या सरकारी सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलात गेलो. तिथल्या आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेचे काम बघणाऱ्या माणसाने, कार्ड आणि आधार घेतले, फोटो काढला, सीडीसह मंजुरीसाठी पाठवले. मंजुरी येईपर्यंत मी त्याच्या टेबलापासून हलले नाही. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंटसकट बिल शून्य. घरी जाताना पंधरा दिवसांची औषधे मिळाली.

सोळाव्या दिवसापासून मात्र गोळ्या आपल्या. रक्त पातळ ठेवणारी, कोलेस्टेरॉलची, बीपीची, शुगरची. शिवाय दर तीन महिन्यांनी तपासण्या. योजना भरती झालेल्या पेशंटची आहे, ओपीडीचे काही मिळत नाही. म्हाताऱ्या माणसाचा खरा खर्च तर रोजच्या डब्यातल्या गोळ्यांचा असतो. मला वाटते सरकारने पुढचे पाऊल इथेच टाकायला हवे. आम्ही डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून गोळ्या आणतो, त्याने बरेच हलके झाले. मेडिक्लेम मी अजून सोडलेला नाही.

परवा आधार केंद्रात जाऊन मोबाइल नंबर बदलून घेतला. "जुना नंबर काढून हा टाकू ना?" तिथल्या मुलीने विचारले. आई काही वेळ बोललीच नाही. मग माझा हात धरून म्हणाली, "टाक बाई, हिचाच टाक."