आजपासून गेटबाहेर

शाळेच्या गेटवर कागद लागला आहे. 'सरावाच्या वेळी पालकांनी मैदानात थांबू नये. आदेशावरून.' खाली शिक्का. कोणाचा आदेश ते नाही. मी वाचतच होते तर चौकीदार काका म्हणाले, "ताईजी, आतमध्ये मना आहे जी आता." त्यांना बिचाऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त अवघडल्यासारखं झालं होतं.

छोटी, माझी धाकटी मुलगी, खोखोच्या सरावाला आत गेली. वळून पाहिलं नाही. खरं म्हणजे त्या कागदाचं मला एवढं काही नाही, हे लिहायला बसले ते या न वळण्यामुळे.

कागद का लागला ते सगळ्यांना माहीत आहे. एका मुलीच्या बाबांचा गेल्या आठवड्यातला प्रकार. रोज दोरीला पोट टेकवून उभे. "काऊन बसली बे तू? उठ ना!" आता खोखोत बसलेली मुलगी उठणार कशी? पाठीला हात लागून खो मिळाल्याशिवाय उठली की फाउल. पण बाबा ओरडले, पोरगी दचकली, उठली, सरांनी शिट्टी मारली. मग बाबा सरांशी भांडायला लागले की अशी कशी शिट्टी मारली म्हणून. ज्याला नियम माहीत नाही तोच सगळ्यात मोठ्याने शिकवतो, हे मी स्टाफरूममध्येही पाहिलं आहे. पोरगी खाली मान घालून पुन्हा आपल्या चौकोनात जाऊन बसली. तिचे कान लाल झाले होते.

त्यात दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. त्यामुळे आठवीपासूनच बापांच्या डोक्यात हिशेब सुरू. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खोखोचा पहिला विश्वचषक झाला, आपल्या मुलींनी फायनलमध्ये नेपाळला हरवलं, तेव्हापासून तर मैदानाच्या कडेला माणसं वाढलीच. कर्णधार प्रियंका इंगळेचा चषक घेतलेला फोटो आमच्याही कपाटावर आहे. त्याआधी खोखो म्हणजे ज्याला क्रिकेट जमत नाही त्याचा खेळ, असंच यांच्या घरी सगळ्यांचं मत होतं. ते राहू दे.

पण मी कुठे ओरडले? माझी जागा कडुनिंबाखालच्या पायऱ्यांवर, पार शेवटी. तिथे बसून मी मटार सोलले, सहामाहीचे पेपर तपासले, एकदा तर चक्क झोपले. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपुरात अर्ध्या सिव्हिल लाईन्सला बॅरिकेड, मोर्चे, तरी वळसा घालून वेळेवर पोचवते. मोज्यांतली लाल माती तीन पाण्यांतून निघत नाही, ती काढते. आणि शिक्षा मात्र दोरीवाल्या बाबांना आणि मला सारखीच. एका वात्रट पोरासाठी अख्ख्या वर्गाला बाकावर उभं करायचं, हे मी स्वतः वर्गात करत नाही.

तसं पाहिलं तर माझ्या वर्गाच्या खिडकीत कोणाची आई रोज येऊन बसली असती, तर मी आठवड्याच्या आत मुख्याध्यापकांकडे गेले असते. मटार सोलत बसली असती तरी. हे मला कळतं. कळून उपयोग होत नाही एवढंच.

सरांशी बोलले गेटपाशीच. वाद घालायला नव्हे, पण आवाज तसाच निघाला असणार. ते म्हणाले, "ताई, तुमचा त्रास नाहीच. पण पळायच्या पाळीला पोरगी आत आली की तिने बसलेल्या आठ जणींची तोंडं कुठे आहेत ते पाहायचं. एक इकडे, एक तिकडे. त्यावरून पुढचा खो कुठून येणार ते ओळखायचं. तुमची पोरगी खांबाला वळसा घातला की एकदा पायऱ्यांकडे पाहते. तेवढ्यात बाद." मग जरा थांबून, "रोज तिथंच बाद होते."

मला वाटायचं ती मला बघून हसते.

म्हणजे हसायचीच. तेही खरं आहे. मी काय, मान हलवायचे. एवढंच. आता बसल्या बसल्या आठवते आहे की बाद झाल्यावरसुद्धा ती आधी माझ्याकडे पाहायची आणि मग सरांकडे. मला त्याचं किती बरं वाटायचं!

घरी आल्यावर विचारलं, मी नसले की बरं वाटतं का गं खेळायला? "तसं नाही गं आई." आणि पोह्यांत चमचा. 'तसं नाही' म्हणजे कसं? हो असतं तर हो म्हणाली असती, ती काही घाबरणारी नाही. नाही असतं तर नाही. मोठी असती तर दहा मिनिटं भांडली असती आणि मला निदान कळलं असतं. मोठीच्या वेळेस मी कुठल्याच मैदानावर गेले नव्हते. तेव्हा नोकरी नवी होती, सासूबाई होत्या. तो विषय नको.

वहिनींना फोन केला तर त्यांनी लगेच दिव्या देशमुख काढली. आपल्या नागपुरात हल्ली कुठल्याही वादात दिव्याचं उदाहरण दोन्ही बाजूंना चालतं. जॉर्जियातल्या बातुमीला २०२५ च्या जुलैत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली, हम्पीसारखीला टायब्रेकमध्ये हरवून ग्रँडमास्टर झाली, आणि आईच्या गळ्यात पडून रडली, ते सगळ्यांनी पाहिलं. "बघा, आई सोबत होती म्हणून." मान्य. पण आई बातुमीत होती, पटाशी नव्हती. पटावर ती आणि हम्पी दोघीच. फोन ठेवल्यावर मला हे सुचलं, आणि माझ्याच विरुद्ध जाणारं सुचलं म्हणून जरा राग आला.

तरी एक गोष्ट आहे जी सरांना पटवून द्यायला हवी, आणि ती मान हलवण्याची नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतलं चिमुकल्या मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण झालं तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये महिनाभर दुसरा विषय नव्हता. सरकारने शाळांना कॅमेरे लावायला सांगितले, महिन्याची मुदत दिली. मुलींच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समित्या तर शाळांनी २०२२ च्या मार्चपासूनच नेमायच्या होत्या. त्याच वर्षी एका सायकलपटू मुलीने परदेशातल्या शिबिरातून आपल्या प्रशिक्षकाची तक्रार केली, तेव्हा कुठे भारतीय क्रीडा प्राधिकरणाने ठरवलं की मुली असलेल्या चमूबरोबर महिला प्रशिक्षक हवीच. तेव्हा कुठे! मग जानेवारी २०२३ मध्ये कुस्तीगीर मुली जंतरमंतरवर बसल्या. त्या काही आठवीतल्या नव्हत्या, देशासाठी पदकं आणलेल्या होत्या, तरी त्यांचं ऐकून घ्यायला रस्त्यावर बसावं लागलं.

आमचे सर भले आहेत. मी हे त्यांच्यासाठी लिहीत नाही. पण सर भले आहेत हे मला कशावरून माहीत? इतके दिवस पायऱ्यांवर बसून पाहिलं, म्हणून. पुढच्या वर्षी दुसरे कोणी आले तर त्यांच्याबद्दल मला काय माहीत असणार? डिसेंबरात साडेपाचलाच सूर्य बुडतो. मुली साडेसहाला सुटतात. खांबावरच्या दोन दिव्यांपैकी एक लागतो. आणि शाळेचा कॅमेरा, मी आज मुद्दाम पाहिला, गेटकडे तोंड करून आहे. म्हणजे आम्ही बाहेर कशा उभ्या आहोत ते नीट दिसत असणार.

हे सरांना तोंडावर म्हटलं तर ते दुखावतील. नाही म्हटलं तर मी कसली आई? ओरडणारा बाप आणि पाहणारी आई यांना एकाच कागदाने बाहेर काढता येतं, पण दोघं कशासाठी आली होती ते वेगळं आहे. मला छोटीचे गुण नको आहेत. ती घरी जशी असते तशी तिथे नसते, ते पाहायला मी जायचे. घरी ग्लास सांडला तरी तोंड फुगवणारी पोरगी मैदानावर गुडघा फुटला की माती झटकून आधी बाजूचीला उठवते. ही कुठली? हिला मी फक्त तिथेच पाहिलं आहे. आता ती मला भेटणार नाही, असं काहीतरी गेटवर वाटलं. लिहिल्यावर जरा नाटकी दिसतं आहे.

आणि बाहेर काही इतकं वाईट नव्हतं, हेही लिहायला हवं. आम्ही सगळ्या भिंतीला गाड्या लावून उभ्या. तर्री पोह्यांच्या ठेल्यावाल्याची चांदी. ते दोरीवाले बाबा सुद्धा आले, एकटेच लांब उभे होते. कोणी बोलेना म्हणून मीच पोह्यांचं विचारलं. म्हणाले, "पोरगी बोलून नाही राहिली जी माझ्याशी." मग तर्री जास्त घ्यायला लावली आणि इतका ठसका लागला त्यांना की ठेलेवाल्याने पाणी दिलं. हा माणूस गेटबाहेर अगदीच साधा आहे बाप्पा. खोखोचा नियम त्यांना मी तिथेच समजावून सांगितला, बोटाने ॲक्टिव्हाच्या सीटवरच्या धुळीत आठ चौकोन काढून. "असं होय," म्हणाले. भिंतीपलीकडून शिट्टी ऐकू आली की दोघंही गप्प. तीन लांब शिट्ट्या झाल्या, मधे मुलींचा आरडाओरडा, काहीच कळेना कोण बाद. रेडिओवर मॅच ऐकायचे माझे बाबा, तेव्हा निदान कोणीतरी सांगत तरी होतं.

छोटी बाहेर आली तेव्हा विचारलं नाही कशी खेळलीस. तिनेच गाडीवर मागून सांगितलं, आज खांबापाशी बाद नाही झाले. बरं, म्हटलं. सरांचं खरं निघालं म्हणून आनंद व्हावा की काय व्हावं, मला सुचेना, तर मी सिग्नलला शिव्या दिल्या.

शनिवारी पालकसभा आहे. हे म्हणतात, तू नको बोलू, तुझा आवाज चढतो. चढू दे. रोज आत येऊ द्या असं मी म्हणणारच नाही आहे. महिन्यातून एक शनिवार सराव उघडा ठेवा, लांब पायऱ्यांवर, बोलणाऱ्याला बाहेर काढा. मुली मैदानात असेपर्यंत एक मॅडम तिथे थांबल्या पाहिजेत. दुसरा दिवा लावा. कॅमेरा मैदानाकडे फिरवा. शनिवार छोटीला चालणार असेल तर. ते मात्र तिला आधी विचारायचं आहे, आणि 'तसं नाही गं'वर या वेळेस सोडायचं नाही.

उद्या सीताबर्डीतून गुडघ्याचे पॅड आणायचे. तिने एम साइज सांगितली आहे, मला एल वाटते. एमच आणीन.