बॉलिंग का नाही सोडलीस?

"बॉलिंग सोडून नुसती बॅटिंग धरली असतीस तर कुठल्या कुठं गेला असतास. का नाही सोडलीस?" हा प्रश्न मला गणपतीत विचारतात, लग्नात विचारतात, एकाने तर तेराव्याच्या पंगतीत विचारला. उत्तराची वाट कुणी बघत नाही. "दोन दगडांवर पाय, दुसरं काय," असं विचारणाराच म्हणतो आणि आमटी मागून घेतो. जिल्ह्याचा संघ, महाराष्ट्राचे संभाव्य, पुण्यातली लीग, मग पाठीची दुखापत, मग काहीच नाही, हे सगळं विचारणाऱ्यांना पाठ आहे. ते परत उगाळत नाही. पण उत्तर एकदा देऊन टाकतो, म्हणजे पुढच्या पंगतीत सुखाने जेवता येईल.

पहिली गोष्ट, मला बॅट्समन म्हणून कुणी घेतलंच नव्हतं. माझ्यापेक्षा सरळ बॅटने खेळणारी चार पोरं सांगलीच्या एकट्या विश्रामबागेत होती. मी संघात आलो तो नवा चेंडू बाहेर काढतो म्हणून, आणि टिकलो तो सातव्या नंबरवर जाऊन चाळीस-पन्नास करतो म्हणून. बॉलिंग सोडायची म्हणजे त्या चौघांच्या मागे पाचवा उभा राहायचं. हे निवडीचं साधं गणित आहे, पण पंगतीत कुणाला ते ऐकायचं नसतं.

शिवाय नेटमध्ये ऑलराउंडरचं, म्हणजे दोन्ही करणाऱ्याचं, काय होतं ते कधी बघितलंय का? तो आधी तास-दीड तास सगळ्यांना बॉलिंग टाकतो. सगळ्यांची बॅटिंग झाली, मॅटिंगचे खिळे ढिले झाले, उजेड गेला, की कोच म्हणतात, "चल रे, पॅड बांध." समोर दमलेले बॉलर, चेंडूची शिवण उसवलेली, आणि दहा मिनिटांत ग्राउंड्समन मॅट गुंडाळायला येऊन उभा. "तुझी बॅटिंग तेवढी पॉलिश नव्हती," असं ज्यांना आज वाटतं, त्यांनी हे लक्षात घ्यावं. एवढंच. तक्रार नाही. बरं, आहे थोडी.

सांगलीत एक हुकमाचं पान असतं, ते म्हणजे विजय हजारे. "आपल्या सांगलीचा माणूस, बॅटिंगवर मोठा झाला." बॅटिंगवर मोठे झाले हे खरंच, 1948 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ॲडलेडला दोन्ही डावांत शतकं, 116 आणि 145. पण त्याच कसोटीत 201 वर खेळणाऱ्या ब्रॅडमनचा त्रिफळा कुणी उडवला? हजारेंनीच. त्याआधी सिडनीलाही त्यांनीच उडवला होता. प्रथम श्रेणीत 18,740 धावा आणि 595 बळी. सहाशेला पाच कमी! बॉलिंग सोडलेल्या माणसाचे आकडे असे नसतात. ॲडलेडला पहिल्या डावात दुसऱ्या टोकाकडून 123 काढणारा दत्तू फडकर कोल्हापूरचा, आणि तोही ऑलराउंडर. म्हणजे आपल्याकडच्या मातीत हे दोन दगड आधीपासून आहेत, मी आणून ठेवलेले नाहीत.

आता माझी पाठ गेली त्या दिवसाबद्दल. लोक खरं तर ह्याबद्दलच विचारत असतात, फक्त तोंडावर म्हणत नाहीत.

पुण्यातला दोन दिवसांचा सामना. अशा सामन्यात निकाल क्वचित लागतो, सगळं पहिल्या डावाच्या आघाडीवर असतं. आदल्या दिवशी मी बराच वेळ बॅटिंग केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकलो तर वाकता आलं, पण उठताना कमरेच्या वर, डावीकडे, अंगठ्याने झाकता येईल एवढ्या जागेत कळ आली. तसली कळ महिनाभर येत-जात होती. आयोडेक्स चोळलं आणि मैदानात उतरलो.

चहानंतर त्यांच्या दोन विकेट शिल्लक, आघाडीला तीसेक धावा कमी, आणि आमचे दोन्ही स्पिनर मार खात होते. मी मिडऑफला हात कमरेवर ठेवून उभा होतो. कॅप्टन आला. आम्ही एकाच शाळेत होतो, एकाच एसटीने ये-जा केली होती. त्याने चेंडू माझ्याकडे दिला नाही, नुसता हातात फिरवत उभा राहिला.

"पाठ कशीय?"

"हाय तशीच."

"दोनच ओव्हर टाकशील? दोनच."

मी म्हणालो, "आण इकडं."

पहिली ओव्हर गेली. दुसरीतल्या तिसऱ्या चेंडूला डावा पाय क्रीजवर आपटला आणि आतून काहीतरी सुटलं. आवाज आला नाही, आवाजाच्या गोष्टी लोक नंतर रचतात. श्वास मात्र अडकला. अंपायरने विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." पुढचे तीन चेंडू निम्म्या रनअपने टाकले. त्यातल्या एकावर बोल्ड मिळाला, कारण चेंडू इतका हळू आला की त्याची बॅट आधीच फिरून गेली होती. शेवटची विकेट दुसऱ्या टोकाने काढली. आघाडी आमची. आणि मग पोरांनी मला खांद्यावर उचललं. त्या दिवसातली सगळ्यात मोठी कळ मला तेव्हा आली, चेंडू टाकताना नाही. ओरडलो तर त्यांना वाटलं आनंदाने ओरडतोय.

रात्रीच्या एसटीत मला बसता येईना. कात्रजपासून दांडा धरून उभा. खंबाटकीच्या प्रत्येक वळणाला दात आवळायचो. साताऱ्याला गाडी निम्मी रिकामी झाली तसा कंडक्टर म्हणाला, "अहो, सीट हाय की, बसा की!" बसता येत नाही म्हटल्यावर त्याने आवाज खाली आणून विचारलं, "मूळव्याध काय?" मी हो म्हणालो. पाठ सांगितली असती तर अख्खी गोष्ट सांगावी लागली असती. पेठ नाक्याला गाडी आत वळली तेव्हा उजाडायला आलं होतं.

पुढचं मिरजेत. मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही. एक्स-रे स्वच्छ आला. स्नायू आखडलाय, आराम करा. मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. मणक्याच्या हाडाला पडणारी चीर सुरुवातीला एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही, हे मला फार उशिरा कळलं. आराम केला, परत टाकलं, परत कळ, परत आराम. एमआरआय झाला तोवर खालच्या मणक्याला डावीकडची चीर चांगली मुरली होती. उजव्या हाताने टाकणाऱ्याला ती सहसा डावीकडेच पडते. डाव्या पायावर सगळं वजन आपटतं आणि त्याच क्षणी कंबर मागे आणि बाजूला वाकलेली असते. विशीतल्या पोराचा मणका अजून पुरता पक्का झालेला नसतो. हे आज मी घडाघडा सांगतो. तेव्हा आम्हाला एवढंच ठाऊक होतं की पाठ दुखते त्याला घाबरट म्हणतात.

तर, "आण इकडं" का म्हणालो? तेव्हाचा मी, तो पोरगा, आज समोर आला तर मी त्याला झापेन. तो म्हणेल, कपिल देव 131 कसोटी खेळला, 434 बळी, पाच हजारांवर धावा, आणि दुखापतीने एकही कसोटी हुकली नाही. मी म्हणेन, अरे, कपिल एकच होता. तो म्हणेल, मग मी कपिल नाही हे मला टाकल्याशिवाय कसं कळणार? ह्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

2018 च्या सप्टेंबरात आशिया कपात, दुबईत, पाकिस्तानविरुद्ध बॉलिंग टाकताना हार्दिक पंड्या पाठ धरून खाली पडला. स्ट्रेचर आलं. माझी आई खुर्चीतून उठून आत गेली आणि कुकर लावायला लागली, जेवणं झालेली असताना. पुढे लंडनला त्याचं ऑपरेशन झालं, तो परत आला, आणि 29 जून 2024 ला टी-ट्वेंटी वर्ल्ड कपच्या फायनलची शेवटची ओव्हर, 16 धावा राखायच्या असताना, त्यानेच टाकली. लगेच दोन फोन. "बघ, माणूस परत येतो." येतो ना. पण कसोटी तो 2018 नंतर खेळलेला नाही, हे फोनवाल्यांना आठवत नाही. आणि त्याच्यामागे फिजिओ होते. माझ्यामागे आईचा शेकायचा तवा होता.

"मग स्पिन टाकायचास." हाही एक उपप्रश्न. स्पिनरची पाठ जास्त टिकते, मान्य. 1952 ला इंग्लंडविरुद्ध लॉर्ड्सवर स्पिनर विनू मांकडांनी पहिल्या डावात 72 काढल्या, मग 73 ओव्हर टाकल्या, आणि लगेच सलामीला जाऊन 184 काढल्या. तरी सामना हरलोच. त्या 73 ओव्हर टाकायला चेंडू हातात देणारा कॅप्टन कोण? हजारे. सांगलीचे! कॅप्टन लोक सगळीकडे सारखेच. 2025 च्या 2 नोव्हेंबरला नवी मुंबईत महिलांच्या वर्ल्ड कपची फायनल झाली, तेव्हा आमची सगळी गल्ली आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनासाठी टीव्हीसमोर होती. ती 45 वर गेली आणि अर्धे उठले. मी दीप्ती शर्मासाठी बसून राहिलो: 58 धावा, मग 39 धावांत 5 बळी, आणि स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू. दुसऱ्या दिवशी आमचे काका म्हणाले, "दोन्ही करून दाखवलं पोरीनं!" दोन दगडांची म्हण मी सगळ्यात आधी ह्याच काकांच्या तोंडून ऐकली होती.

स्पिन मी महिनाभर टाकून बघितली. आवडली नाही. इथे जरा खरं बोलतो. मला चेंडू हातात असलेला आवडायचा. बॅट्समन आऊट झाला की पॅव्हेलियनमध्ये बसतो, मला बसवायचं नाही. धावत येताना समोरचा बॅटची मूठ बदलून धरतो, ते बघायला मी फुकट टाकलं असतं, टाकलंही. निवडीचं गणित वगैरे वर सांगितलं ते खोटं नाही, पण ते मी नंतर जुळवलंय. गणित उलटं असतं तरी मी बॉलिंग सोडली असती का, ह्याची मला खात्री देता येत नाही.

आता संध्याकाळी पोरांना शिकवतो, तिथे बाप येतात. "सर, ऑलराउंडर करा, आयपीएलला त्यालाच भाव आहे." मी वही काढतो. प्रत्येकाच्या ओव्हर मी लिहून ठेवतो, नेटमधल्यासुद्धा. इंग्लंडमध्ये तेरा वर्षांखालच्या वेगवान बॉलरला एका स्पेलमध्ये 5 आणि दिवसाला 10 ओव्हरची मर्यादा घातलेली आहे. मी तीच धरतो. परवा एक पोरगा विकेटवर विकेट काढत होता आणि पाचव्या ओव्हरनंतर मी त्याला काढला. बाप भडकला. पोरगा त्याहून भडकला. मला पोरग्याचंच पटलं, पण चेंडू दिला नाही.

कॅप्टन आता कोल्हापुरात असतो. दिवाळीत येतो, आणि भडंगाची दुसरी वाटी झाली की विषय निघतोच. तो म्हणतो, "तू नाही म्हणाला असतास तर मी चेंडू दिलाच नसता." मी म्हणतो, "तू विचारलंच नसतंस तर?" तो म्हणतो, "तू मिडऑफला उभा राहून माझ्याकडंच बघत होतास." मी म्हणतो, मी फिल्डिंग करत होतो. त्याची बायको म्हणते, "भावजी, चहा घ्या आधी, हे पुढच्या वर्षीही होणारच आहे."