मुक्ताआत्या

आत्याची नथ नव्यानं ओवून आणायला निघाले आणि वाटेत तिचं नावच डोक्यात घोळत राहिलं. माहेरची ती मुक्ता. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं ‘सुनंदा’ लिहिलं गेलं आणि रेशनकार्डापासून बँकेच्या पासबुकापर्यंत ती सुनंदा झाली. ‘मुक्ते, चहा टाकतेस का?’ अशी हाक आता फक्त बाबा मारतात.

मुक्ता म्हटलं की आपल्याला आठवते ती आळंदीची मुक्ताई. निवृत्ती, ज्ञान, मग सोपान म्हणजे जिना, आणि जिना चढून गेल्यावर मुक्ता. विठ्ठलपंतांनी पोरांची नावं ठेवली की अभ्यासक्रम आखला, कोण जाणे! रुसून दार लावून बसलेल्या थोरल्या भावाला ‘ताटी उघडा ज्ञानेश्वरा’ म्हणून सुनावणारी ही सगळ्यांत धाकटी. पुढे १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी, फुल्यांच्या शाळेतली मुलगी, तीही मुक्ताच. मुक्ता साळवे. या नावाच्या मुली गप्प बसत नसाव्यात. आत्याही बसत नाही.

पण संस्कृतात मुक्ता म्हणजे मोतीसुद्धा. मुक्ताफळं उधळणं त्यातूनच आलं, आणि आपला ‘मोती’ही त्याच घरातला. शिंपल्यातून सुटला म्हणून मुक्ता, असं कोश सांगतात. काही अभ्यासक मात्र तमिळ ‘मुत्तु’कडे बोट दाखवतात. तसं असेल तर सुटकेची गोष्टच निकालात निघते. मला ते मान्य करायचं नाही. गंमत अशी की शिंपल्यातून सुटल्या सुटल्या बिचाऱ्याला वेज पाडतात आणि तारेत ओवतात.

सोनारानं नथ भिंगाखाली धरली. ‘मोती अस्सल आहेत, पण अत्तर लावून वर नथ घालतात का कुणी? पाणी उतरलंय बघा यांचं.’ सैल झालेली तार त्यानं चिमट्यानं उलगडली, तसे सातही मोती लाल मखमलीवर घरंगळले. एक काठाशी जाऊन थांबला. त्यानं तो बोटाच्या टोकावर टिपून घेतला.

‘पावती कुणाच्या नावानं करू?’

‘मुक्ता,’ मी म्हटलं.

नथ घरी आणली तर आत्यानं आधी पावती वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग घडी घालून नथीच्या डबीत ठेवली. नथ कुठं ठेवली, ते मात्र आम्ही दोघी संध्याकाळभर शोधत होतो.